खिशातल्या फाइल एन्क्रिप्शन उपकरणासाठी मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कशी निवडावी?

शून्यबिंदू (प्रश्न)

नमस्कार. खिशात मावेल असे फाइल एन्क्रिप्शनचे उपकरण बनवण्याचे काम हाती घेतले आहे. उपकरण यूएसबीने संगणकाला जोडायचे, त्याच्यावरच्याच बटणांनी सहा अंकी पिन द्यायचा, आणि पिन बरोबर ठरला तरच संगणकाला ते साध्या ड्राइव्हसारखे दिसावे, अशी कल्पना आहे. संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर टाकावे लागू नये, ही अट मी स्वतःवर घालून घेतली आहे. पिन संगणकाच्या कीबोर्डवरून घ्यायचा नाही, कारण त्या संगणकात कीलॉगर असेल तर पुढच्या साऱ्या मेहनतीला अर्थ उरत नाही. साठवण ३२ जीबी असली तरी पुरे.

धोक्याची कल्पना अशी: उपकरण हरवले किंवा चोरीला गेले तर ज्याच्या हाती पडेल त्याला आतल्या फाइली वाचता येऊ नयेत. चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी सुसज्ज प्रयोगशाळा मी विरोधात धरलेली नाही. पण इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा, ऑसिलोस्कोप बाळगणारा आणि हाताशी वेळ असलेला माणूस मात्र धरला आहे.

आतापर्यंत तीन मायक्रोकंट्रोलर डोळ्यांसमोर आहेत: एसटीएम३२एफ४०५, आरपी२३५० आणि ईएसपी३२-एस३. तिन्हींचे बोर्ड सहज मिळतात आणि तिन्हींची उदाहरणे भरपूर आहेत. मेमरीसाठी मायक्रोएसडी कार्ड, ईएमएमसी (बोर्डावर सोल्डर करायची साठवण चिप) आणि एसपीआय नॉर फ्लॅश (मोजक्या तारांवर चालणारी छोटी फ्लॅश चिप) यांचा विचार चालू आहे. पुढील गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळे हार्डवेअर असणे आवश्यक आहे का, की सॉफ्टवेअरमध्ये भागेल? डेटासाठी कोणती मेमरी घ्यावी? एन्क्रिप्शनची किल्ली नेमकी कुठे ठेवावी? आणि रॅम किती लागेल?

सोल्डरधूर

आधी वेगाचा हिशोब मांडतो, कारण तुमच्या यादीतले तिन्ही पर्याय तिथेच अडतात आणि त्याचा एईएसशी काहीही संबंध नाही.

आरपी२३५० आणि ईएसपी३२-एस३ यांचे यूएसबी फुल-स्पीड, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिटचे आहे. एफ४०५मध्ये हाय-स्पीड कंट्रोलर आहे खरा, पण त्याचा पीएचवाय, म्हणजे तारेवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारा भाग, चिपमध्ये नाही. तो बाहेरून यूएलपीआय पद्धतीने १२ तारांवर जोडावा लागतो, नाहीतर तोही फुल-स्पीडवरच चालतो. फुल-स्पीडमध्ये दर मिलिसेकंदाला ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ बल्क पॅकेट बसतात, म्हणजे कागदावरची कमाल सेकंदाला १.२ एमबी झाली. प्रत्यक्षात १ एमबीच्या आसपास मिळाले तर समाधान मानावे. या गतीने ४ जीबीची एक फाइल कॉपी व्हायला तासाभराहून अधिक वेळ जाईल, आणि ३२ जीबीचे उपकरण भरायला रात्र पुरणार नाही. तुमच्या फाइली म्हणजे मुख्यतः कागदपत्रे असतील तर हे खपेल, पण व्हिडिओ असतील तर वापरणारा दुसऱ्याच दिवशी उपकरण बाजूला ठेवेल.

हाय-स्पीडमध्ये हाच आकडा कागदावर ५३ एमबीपर्यंत जातो. मग अडथळा यूएसबीवरून मेमरीच्या बसवर सरकतो. एसडी कार्ड एसपीआय पद्धतीने २५ मेगाहर्ट्झवर चालवले तर सेकंदाला ३ एमबीच्या वर जाणे शक्य नाही. तेच कार्ड चार तारांच्या एसडी बसवर ५० मेगाहर्ट्झने चालवले तर कमाल २५ एमबी. त्यापुढचे यूएचएस वेग १.८ व्होल्टच्या सिग्नलवर मिळतात. त्यासाठी व्होल्टेज बदलणारी जोडणी बोर्डावर करावी लागते, आणि पहिल्या आवृत्तीत त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

आता एईएस. कॉर्टेक्स-एम४वर टेबल न वापरता, म्हणजे किल्लीनुसार वेळ बदलणार नाही अशा रीतीने लिहिलेले एईएस-१२८ बाइटमागे साधारण १०० क्लॉक सायकल घेते. २५६ बिटांच्या किल्लीला १०ऐवजी १४ फेऱ्या लागतात, म्हणून १४० धरा. १६८ मेगाहर्ट्झला १४०ने भागले की सेकंदाला १.२ एमबी येतात. हा आकडा फुल-स्पीड यूएसबीच्या कमाल आकड्याशी जवळजवळ जुळतो, पण त्यावर खूश होऊ नका. त्यात सीपीयूला यूएसबी आणि कार्ड सांभाळायला एकही सायकल उरलेली नाही. टेबलवाली अंमलबजावणी याच्या दोन-तीन पट वेगवान असते, पण वेळेतल्या फरकावरून किल्लीची माहिती गळते. एईएसऐवजी चाचा२० हे स्ट्रीम सायफर (किल्लीतून काढलेली बाइटांची साखळी मजकुरात मिसळणारी पद्धत) सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी स्वस्त पडते. मात्र सेक्टर (ड्राइव्हवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) पुन्हा पुन्हा लिहिल्या जाणाऱ्या ड्राइव्हवर स्ट्रीम सायफर वापरणे ही वेगळीच डोकेदुखी आहे.

याउलट एफ४०५चाच जुळा भाऊ असलेल्या एफ४१५मधील क्रिप्टो हार्डवेअर १६ बाइटचा एक ब्लॉक २५६ बिटांच्या किल्लीने १८ सायकलमध्ये उरकते. म्हणजे कागदावर सेकंदाला १४० एमबीच्या वर. डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारी यंत्रणा) आणि बसची ओढाताण धरून निम्मे मिळाले तरी एसडी बस त्याच्या कितीतरी खाली आहे. तेव्हा हार्डवेअर एईएस असावेच, आणि एकदा ते असले की त्याच्या वेगाची तुलना करत बसू नये.

माझी यादी अशी असेल: एसटीएम३२एफ७३३, एलपीसी५५एस६९ किंवा एसटीएम३२यू५ए५. तिन्हींमध्ये हाय-स्पीड पीएचवाय आतच आहे, एसडीची चार तारांची बस आहे आणि २५६ बिटांचे एईएस आहे. एफ७३३ घेताना पॅकेज नीट पाहा, त्या कुटुंबातल्या प्रत्येक पॅकेजवर हाय-स्पीडच्या पिना बाहेर येत नाहीत. आयएमएक्सआरटी१०६२ वेगाने सर्वांना मागे टाकतो, पण त्याचे क्रिप्टो इंजिन १२८ बिटांपाशी थांबते आणि आत फ्लॅश नसल्याने फर्मवेअर बाहेरच्या चिपमध्ये ठेवावे लागते.

एसपीआय नॉर फ्लॅश डेटासाठी यादीतून काढूनच टाका. ४ केबीचा सेक्टर पुसायलाच साधारण ४५ मिलिसेकंद जातात आणि मग २५६ बाइटचे एकेक पान लिहायचे. पुसणे-लिहिणे धरून सेकंदाला ७०-८० केबी हाती लागतात. आणि ३२ जीबी त्यात मिळतही नाहीत.

जुनाफर्मवेअर

वेगाबद्दल वर लिहिले आहे ते मान्य आहे. परंतु या उपकरणात मायक्रोकंट्रोलर निवडण्याचा पहिला निकष वेग नसून, गुपित कुठे राहणार आणि पिनचे प्रयत्न कोण मोजणार, हा असायला हवा. ते ठरले की यादी आपोआप लहान होते.

सहा अंकी पिन म्हणजे १० लाख शक्यता. समजा किल्ली केवळ पिनवरून तयार केली आणि एन्क्रिप्ट केलेले कार्ड चोराच्या हाती लागले. तो कार्डाची प्रत काढेल आणि स्वतःच्या संगणकावर एकेक पिन तपासू लागेल. एका पिनला एक मिलिसेकंद लागला तरी सर्व शक्यता १७ मिनिटांत संपतात. यावर नेहमीचा उपाय म्हणजे आर्गॉन२सारखे मेमरी खाणारे फंक्शन. पण त्याच्या आरएफसी ९१०६मध्ये सुचवलेल्या दोन मांडण्यांपैकी लहान मांडणीलाही ६४ एमबी मेमरी लागते, आणि आपल्याकडे आहेत फार तर काहीशे केबी. पीबीकेडीएफ२ या, पासवर्डवरून किल्ली काढणाऱ्या फंक्शनची आवर्तने वाढवून मायक्रोकंट्रोलरला एक सेकंद कामाला लावता येते, पण तेच काम ग्राफिक्स कार्ड हजारो पट वेगाने करते. थोडक्यात, सहा अंकी पिनच्या बळावर गणित आपल्याला वाचवणार नाही. वाचवेल ती अशी एक वस्तू, जिच्यातले गुपित बाहेर काढता येत नाही आणि जी काही चुकीच्या प्रयत्नांनंतर ते गुपित स्वतःहून नष्ट करते.

म्हणून किल्ल्यांची रचना दोन पायऱ्यांची असावी. डेटाची किल्ली पूर्णपणे यादृच्छिक, हार्डवेअरच्या रँडम जनरेटरमधून एकदाच काढलेली. ती दुसऱ्या एका किल्लीने गुंडाळून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, ठेवायची, आणि ही दुसरी किल्ली पिन अधिक चिपमधले गुपित यांच्या मिश्रणातून दर वेळी नव्याने काढायची. पिन बदलला तर फक्त वेष्टन बदलते, ३२ जीबी पुन्हा एन्क्रिप्ट करावे लागत नाहीत. उपकरण पुसायचे असेल तर गुंडाळलेली किल्ली नष्ट केली की झाले.

‘पिन बरोबर असेल तर इफमध्ये शिरा, नाहीतर परत फिरा’ अशा पद्धतीने कुलूप लिहू नका. २०१०मध्ये काही नामांकित कंपन्यांचे, प्रमाणपत्र मिळालेले एन्क्रिप्टेड पेनड्राइव्ह उघडता येतात असे दाखवले गेले. त्यांत संगणकावरचा प्रोग्राम पासवर्ड तपासून ड्राइव्हला एक ठरलेला ‘उघड’ संदेश पाठवत असे, आणि तो संदेश सर्व ड्राइव्हना सारखाच होता. २०१८मध्ये नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींमध्ये याच जातीची उणीव दाखवली: डेटाची किल्ली पासवर्डशी गणिताने बांधलेलीच नव्हती. पासवर्ड नसताना डेटाची किल्ली तयारच होऊ शकत नसेल, तर इफ वगळून चोराला काहीच मिळत नाही.

आता गुपित कुठे ठेवायचे? पहिला पर्याय मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या फ्लॅशमध्ये, वाचनसंरक्षण लावून. एसटीएम३२मध्ये त्याच्या ०, १ आणि २ अशा पातळ्या आहेत. पातळी १ला डिबगर जोडता येतो. फ्लॅश वाचता येत नाही, पण रॅम वाचता येऊ शकते, आणि उघडलेल्या अवस्थेत आपली किल्ली रॅममध्येच असते. त्यामुळे तयार उपकरणावर पातळी २च हवी. ती एकदा लावली की सहसा परतीचा मार्ग नाही, हे ध्यानात ठेवून विकासासाठीचे बोर्ड वेगळे ठेवा. तरीही हे संरक्षण अभेद्य नाही. डिसेंबर २०१८मध्ये एका हार्डवेअर वॉलेटमधल्या एसटीएम३२एफ२ची पातळी २ व्होल्टेज ग्लिच (वीजपुरवठ्याला क्षणभराचा झटका) देऊन १वर आणून दाखवली गेली. २०१९मध्ये पहिल्या पिढीच्या ईएसपी३२चे आणि २०२०मध्ये एनआरएफ५२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरचे संरक्षण ग्लिचनेच ओलांडले गेले. आरपी२३५०च्या बाबतीत कंपनीने स्वतः २०२४मध्ये जाहीर आव्हान दिले, आणि जानेवारी २०२५मध्ये ओटीपीतले (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीतले) गुपित बाहेर काढण्याच्या एकापेक्षा अधिक पद्धती प्रसिद्ध झाल्या. हे त्यांनी उघडपणे केले याचे कौतुकच आहे. पण तुम्ही गृहीत धरलेला, ऑसिलोस्कोप आणि वेळ असलेला माणूस नेमका हेच करू शकतो.

दुसरा पर्याय म्हणजे सोबत एक सिक्युअर एलिमेंट, म्हणजे गुपिते सांभाळण्यासाठीच बनवलेली छोटी चिप, लावणे: एटीईसीसी६०८, ऑप्टिगा ट्रस्ट किंवा एसई०५० यांपैकी एखादा. यांच्याकडून डेटा एन्क्रिप्ट करून घ्यायचा नसतो, आयटूसी या दोन तारांच्या संथ बसवर तो वेग मिळणारच नाही. यांचे काम गुपित सांभाळणे आणि प्रयत्न मोजणे एवढेच. तेही अजिंक्य नाहीत. एटीईसीसी६०८च्या आधीच्या पिढीतला ५०८ए २०२०मध्ये लेझरने फोडून दाखवला गेला. म्हणूनच सर्व विश्वास एकावर टाकू नये. गुपिताचा अर्धा भाग मायक्रोकंट्रोलरमध्ये, अर्धा सिक्युअर एलिमेंटमध्ये आणि तिसरा घटक पिन, अशी विभागणी केली की चोराला दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा फोडाव्या लागतात. मात्र दोहोंमधली आयटूसीची तार उघडी असते आणि लॉजिक अॅनालायझरने ती कोणीही ऐकू शकतो, म्हणून या चिपांमध्ये बस एन्क्रिप्ट करण्याची जी सोय आहे ती वापरावीच लागेल. ती न वापरता केलेली जोडणी मी पाहिली आहे, आणि तिथे गुपित बसवरून साध्या बाइटांत जात होते.

सोल्डरधूर यांच्या यादीतून मी यू५ए५ किंवा एलपीसी५५एस६९ निवडेन. यू५ए५मध्ये प्रत्येक चिपची स्वतःची, सॉफ्टवेअरला न दिसणारी हार्डवेअर किल्ली आहे आणि साइड-चॅनेल हल्ल्यांना (वीजवापर किंवा वेळ मोजून किल्ली ओळखण्याला) तोंड देण्यासाठी बनवलेले वेगळे एईएसही आहे. एलपीसीमध्ये रॅमच्या प्रारंभिक अवस्थेवरून किल्ली घडवणारा पीयूएफ नावाचा भाग आहे. एफ७३३ वेगाला चांगला, पण या बाबतीत एक पिढी मागे.

शून्यबिंदू

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. फुल-स्पीडचा मुद्दा माझ्या हिशोबात मुळीच नव्हता, त्यामुळे पहिली यादी बाजूला ठेवतो. यू५ए५ आणि सोबत एक सिक्युअर एलिमेंट, या दिशेने विचार करत आहे.

तीन शंका उरतात. सेक्टर एन्क्रिप्ट करण्यासाठी एईएस वापरण्याच्या पद्धतींपैकी एक्सटीएस वापरावे की जीसीएम? जीसीएममध्ये डेटात केलेला बदल पकडला जातो असे वाचले आहे, मग सगळे एक्सटीएस का वापरतात? दुसरे, गुंडाळलेली किल्ली एसडी कार्डाच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवली तर चालेल का, म्हणजे कार्ड आणि किल्ली एकत्र राहतील? आणि रॅमचा प्रश्न अजून तसाच आहे.

खातरजमा

एक्सटीएसची लोकप्रियता मुख्यतः जागेच्या हिशोबातून आलेली आहे. संगणक ५१२ बाइटचा सेक्टर मागतो, आणि एक्सटीएस ५१२ बाइट घेऊन ५१२च परत देते. सेक्टरचा क्रमांक त्यात मिसळलेला असल्याने एकच मजकूर दोन सेक्टरांत वेगवेगळा दिसतो. ही पद्धत आयईईई १६१९ म्हणून २००७मध्ये प्रमाणित झाली, ती साठवणीच्या उपकरणांसाठीच. २५६ बिटांच्या एक्सटीएसला दोन स्वतंत्र किल्ल्या, म्हणजे एकूण ५१२ बिट लागतात. दोन्ही जागी एकच किल्ली भरणारा कोड फिरताना दिसतो, तो उचलू नये. तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या क्रिप्टो हार्डवेअरमध्ये एक्सटीएस थेट नसले तरी अडत नाही. ईसीबीवर, म्हणजे एकेक ब्लॉक स्वतंत्र एन्क्रिप्ट करणाऱ्या साध्या पद्धतीवर, ते बांधता येते: ट्वीकची, म्हणजे सेक्टर क्रमांकावरून काढलेल्या आकड्यांची, साखळी सॉफ्टवेअरमध्ये तयार करायची आणि एईएसचे जड काम हार्डवेअरकडे सोपवायचे.

जीसीएमला प्रत्येक सेक्टरमागे १२ बाइटचा नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) आणि १६ बाइटचा टॅग (बदल पकडणारी खूण), असे २८ बाइट जास्तीचे लागतात. ते ठेवायचे कुठे? ५१२ बाइटच्या एका सेक्टरमध्ये अशा १८ नोंदी बसतात, म्हणजे दर १८ डेटा सेक्टरांमागे एक नोंदीचा सेक्टर राखून ठेवायचा. जागा फार जात नाही. पण आता प्रत्येक लेखन दोन ठिकाणी होते, आणि दोहोंच्या मध्येच कोणी उपकरण उपटले तर डेटा नवा व टॅग जुना राहतो. वाचताना टॅग जुळत नाही आणि तो सेक्टर कायमचा हातचा जातो. तो फाइल टेबलचा सेक्टर असला तर फाइलींची नावेही गेली. यावर जर्नल (होऊ घातलेल्या लेखनाची आधीच केलेली नोंद) ठेवणे हा उपाय आहे आणि तो करता येतो, पण तेव्हा तुम्ही उपकरणाबरोबर एक छोटी फाइल सिस्टीमही लिहायला घेतलेली असते. शिवाय त्याच किल्लीखाली एकच नॉन्स दोनदा वापरला गेला तर जीसीएमची सुरक्षा कोसळते. वीज गेल्यावर मागच्या अंकावरून मोजायला लागणारा काउंटर म्हणूनच इथे घातक ठरतो.

तुम्ही लिहिलेला धोका हरवण्याचा किंवा चोरीचा आहे. उपकरण चोरून, डेटात गुपचूप फेरफार करून ते परत जागेवर ठेवणारा माणूस तुमच्या वर्णनात नाही. त्या वर्णनापुरते एक्सटीएस पुरेसे आहे. उद्या तो माणूस विचारात घ्यावा लागला तर सेक्टरऐवजी फाइलच्या पातळीवर एन्क्रिप्शन करावे लागेल. पण मग उपकरण साध्या ड्राइव्हसारखे दिसणार नाही आणि संगणकावर सॉफ्टवेअर लागेल, म्हणजे तुमची पहिलीच अट मोडेल.

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एसडी कार्डाच्या आत नँड फ्लॅश असते आणि तिच्यापुढे झीज सगळीकडे समान वाटून देणारा कंट्रोलर बसलेला असतो. तुम्ही पहिला सेक्टर पुन्हा लिहिला की तो नवा मजकूर वेगळ्याच जागी ठेवतो आणि जुना बराच काळ तसाच पडून राहतो. समजा पिन कोणाला कळला म्हणून तुम्ही तो बदललात. जुन्या पिनने गुंडाळलेली किल्ली नँडच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जिवंत आहे, आणि ती पुसली गेली याची खात्री करण्याचा मार्ग तुमच्याकडे नाही. गुंडाळलेली किल्ली मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या फ्लॅशमध्ये ठेवा. तिथे पान पुसले म्हणजे तेच पान पुसले जाते. बाहेर ठेवायचीच असेल तर एफरॅम या, वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत, जिथे त्याच पत्त्यावर प्रत्यक्ष लेखन होते. कार्ड आणि किल्ली एकत्र राहावीत ही सोय वाटते, पण कार्ड काढून नेणाऱ्याच्या हाती काहीच लागू नये म्हणून ती वेगळीच असलेली बरी.

रॅमबद्दल. एक बफर यूएसबीकडून भरला जात असताना दुसरा एन्क्रिप्ट होतो आणि तिसरा कार्डावर जातो, असे १६ किंवा ३२ केबीचे तीन बफर ठेवले की काम सुरळीत चालते. सेक्टरमागून सेक्टर लिहू नका. कार्डाला सलग अनेक सेक्टरांची आज्ञा दिली तरच वेग येतो. मोठा बफर ठेवून कार्डाचे थांबणे झाकता येईल असे काहींना वाटते. एसडीएचसी कार्डाला लेखनात २५० मिलिसेकंदांपर्यंत व्यस्त राहण्याची मुभा आहे. सेकंदाला १५ एमबीच्या गतीने तेवढ्या वेळात पावणेचार एमबी येऊन आदळतील, आणि तेवढी रॅम यू५ए५मध्येही नाही. अशा वेळी यूएसबीवर सरळ नॅक, म्हणजे ‘आता नको’ असे उत्तर, देत राहावे, संगणक थांबतो. म्हणजे शंभरेक केबी बफर, यूएसबी आणि बाकी स्टॅक मिळून १५० केबीत हे उपकरण बसते. एफ७३३ घेतलात तर एक जास्तीची खबरदारी घ्यावी लागते: त्यात डेटा कॅश (सीपीयूजवळची छोटी वेगवान मेमरी) आहे, डीएमएचे बफर ३२ बाइटच्या सीमेवर ठेवून दर वेळी कॅश साफ करावी लागते, नाहीतर अधूनमधून एखादा सेक्टर जुन्या बाइटांसह एन्क्रिप्ट होऊन जातो आणि दोष एईएसवर ढकलला जातो.

सोल्डरधूर

ईएमएमसीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून पुरवणी जोडतो. आठ तारांच्या बसवर ५२ मेगाहर्ट्झला कमाल ५२ एमबी मिळतात, म्हणजे हाय-स्पीड यूएसबीच्या तोडीस तोड. कार्ड निसटण्याचा, सॉकेटचा स्पर्श सुटण्याचा प्रश्न नाही. त्यात आरपीएमबी नावाचा छोटा विभागही असतो, ज्यात एचमॅकची, म्हणजे गुप्त किल्लीने केलेली, सही आणि न घटणारा लेखन-काउंटर असतो. जुनी प्रत परत लिहून फसवणे तिथे चालत नाही. अडचण सोल्डरिंगची. १५३ गोळ्यांचे, अर्धा मिलिमीटर अंतराचे बीजीए पॅकेज हाताने बसवणे कठीण आहे आणि चुकले तर क्ष-किरणाशिवाय कळत नाही.

माझा सल्ला असा की पहिला बोर्ड मायक्रोएसडीवर काढावा, पण एसडी बसच्या तारा सारख्या लांबीच्या, जवळ आणि अखंड ग्राउंडवरून नेलेल्या असाव्यात, आणि ईएमएमसीला लागणाऱ्या उरलेल्या चार डेटा तारांची जागा राखून ठेवावी. फर्मवेअरचा बहुतेक भाग दोहोंना सारखाच लागतो. कार्ड घेताना छापलेल्या वेगवर्गापेक्षा छोट्या, विखुरलेल्या लेखनात ते कसे वागते हे पाहावे; फाइल टेबल सतत बदलत असते आणि स्वस्त कार्डे तिथेच दम टाकतात. आणि ४ जीबीहून मोठ्या फाइली ठेवायच्या असतील तर एफएटी३२ चालणार नाही, एक्सफॅट लागेल. अर्थात ते फॉरमॅट संगणक करतो, तुमच्या फर्मवेअरला त्यातले काही कळण्याची गरज नाही.

शून्यबिंदू

पटले. किल्ली आतल्या फ्लॅशमध्ये, डेटा मायक्रोएसडीवर, एक्सटीएस, आणि पुढच्या आवृत्तीसाठी ईएमएमसीची जागा. एकच विचारायचे राहिले. सिक्युअर एलिमेंट असला तरी चुकीच्या पिनची एक मोजणी मायक्रोकंट्रोलरमध्येही ठेवावी असा विचार आहे. ती फ्लॅशमध्ये कशी लिहावी? दर वेळी पान पुसून नवा आकडा लिहिला तर मध्येच वीज तोडणाऱ्याला मोजणी शून्यावर आणता येईल अशी भीती वाटते.

जुनाफर्मवेअर

भीती रास्त आहे. दोन नियम पाळा.

पहिला क्रमाचा. पिन तपासण्याच्या आधी प्रयत्न नोंदवायचा, ती नोंद फ्लॅशमधून परत वाचून खात्री करायची, आणि मगच पिनवर गणित सुरू करायचे. बरोबर ठरला तर नंतर मोजणी माफ करायची. उलट क्रमाने, म्हणजे चुकल्यावर नोंद करणाऱ्या उपकरणात, चोर वीजप्रवाहाच्या आलेखावरून पिन चुकल्याचे ओळखतो आणि नोंद होण्याआधी वीज तोडतो. स्मार्टकार्डांवर हा प्रयोग फार पूर्वी होऊन गेला आहे.

दुसरा लिहिण्याचा. आकडा लिहू नका, खुणा लिहा. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट १ असतात आणि पान न पुसता १चा ० करता येतो. एफ४ मालिकेत एकाच शब्दातला एकेक बिट असा खाली आणता येत असे. यू५मध्ये मात्र ते चालत नाही, कारण तिथे प्रत्येक १६ बाइटच्या गटासोबत ईसीसी (चुका पकडणारे तपासणी-बिट) लिहिला जातो आणि एकदा लिहिलेल्या गटात पुन्हा बदल केला की ईसीसी जुळत नाही. म्हणून एका प्रयत्नाला एक पूर्ण १६ बाइटचा गट खर्च करा. ८ केबीच्या पानात असे ५१२ गट बसतात. यशस्वी पिननंतरची माफीसुद्धा पुसून नव्हे, तर ‘इथपर्यंत माफ’ असा वेगळ्या खुणेचा पुढचा गट लिहूनच करायची. शेवटच्या माफीनंतर किती प्रयत्न झाले तेवढे मोजायचे.

पान भरत आले की दुसऱ्या पानावर जायचे, पण त्यासाठी सवड असलेली वेळ निवडा: यशस्वी पिननंतर, उपकरण उघडलेले असताना. नव्या पानाच्या पहिल्या गटात चढता अनुक्रमांक लिहा, तो परत वाचा आणि नंतरच जुने पान पुसा. चालू होताना दोन्ही पाने वैध दिसली तर मोठा अनुक्रमांक खरा धरा. एकही वैध नसेल, किंवा एखाद्या गटाचा ईसीसी बिघडलेला असेल, तर तो अपयशी प्रयत्न म्हणून मोजा. अर्धवट लिहिलेल्या गटामुळे यू५मध्ये वाचतानाच एनएमआय (टाळता न येणारा इंटरप्ट) येतो, तेव्हा त्या हँडलरमध्ये अनंत फेरी ठेवलेली असेल तर उपकरण पहिल्याच ग्लिचला कायमचे गोठेल. तिथे खूण नोंदवून परत येण्याची सोय आधीच लिहून ठेवा, आणि कोणत्याही क्षणी वीज तोडणारा एक रिले लावून ही चाचणी रात्रभर चालवून पाहा.